कौन्सिलची नोटीस आली म्हणजे लायसन गेलं असं नसतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की नाशिकला बंगल्याचं काम होतं, आधीचे आर्किटेक्ट प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) होते, मालकाचं त्यांच्याशी फाटलं, मग काम तुमच्याकडे आलं, आणि आता त्या आर्किटेक्टनी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे (आर्किटेक्टची नोंदणी ठेवणारी संस्था) तक्रार ठोकलीये की तुम्ही त्यांची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, न घेता काम पळवलं. वर टेरेस गळतंय म्हणून मालकाचंही एक पत्र त्याच तक्रारीला जोडलंय. उत्तर स्वतः लिहू का वकील करू, आणि लायसन जाईल का, असं तुम्ही विचारताय.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. सव्वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस करतोय, साताऱ्याच्या एका रो हाउसवरून अशीच नोटीस मलाही येऊन गेलीये, त्यामुळे झोप उडते म्हणजे काय ते माहितीये.

पहिली गोष्ट, उत्तर आज रात्री लिहू नका. मी लिहिलं होतं. चार पानं, त्यातली अडीच पानं समोरचा माणूस कसा आहे, त्याने गावात किती जणांना फसवलंय, मी किती प्रामाणिक, माझे वडील शिक्षक होते वगैरे. वकिलांनी ते वाचलं, पेन काढलं आणि काट मारत गेले. शेवटी दोन वाक्यं उरली: मालकाने आधीच्या आर्किटेक्टचं काम अमुक तारखेला लेखी बंद केलं, आणि मी त्यांना अमुक तारखेला रजिस्टर पोस्टाने कळवलं. म्हणाले, एवढंच तुमचं उत्तर आहे, बाकी सगळं तुमचा राग आहे.

आता कायदा. सगळा खेळ आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ च्या कलम ३० चा आहे. ते कलम स्वतः काढून वाचा, छोटंसंच आहे. त्यात लिहिलंय की तक्रार आल्यावर कौन्सिलचं असं मत झालं पाहिजे की हे सिद्ध झालं तर हा माणूस आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस करायला लायक राहणार नाही, तर चौकशी. म्हणजे कुणाचंही कुणाशी वाजलं की चौकशी, असं नाहीये. फीचा वाद, उशीर, मालकाला एलिव्हेशन न आवडणं, हे सगळं खरं असलं तरी त्याने माणूस ‘नालायक’ ठरतो का हा प्रश्न वेगळा, आणि तुमच्या उत्तराचा पहिला मुद्दा हाच पाहिजे. चौकशी झालीच तर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ऑर्डर काढता येत नाही, आणि ऑर्डरही थेट नाव काढण्याचीच असते असं नाही, नुसती समज देता येते, काही काळ निलंबन करता येतं, नाव रजिस्टरमधून काढता येतं किंवा आणखी योग्य वाटेल ती ऑर्डर. तेव्हा लायसन जाईल का याचं उत्तर, जाऊ शकतं, पण मधे बऱ्याच पायऱ्या आहेत.

एनओसीचं सांगतो, कारण यावर आपल्या लाइनीत निम्म्या लोकांचा गैरसमज आहे. १९८९ चे प्रोफेशनल कंडक्ट रेग्युलेशन्स आहेत, त्यात दुसऱ्याचं काम घेण्याबद्दलचं जे कलम आहे त्यात ‘एनओसी’ हा शब्दच नाही. त्यात दोन गोष्टी मागितल्यात: आधीच्या आर्किटेक्टची नेमणूक संपल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा, आणि मी हे काम घेतोय असं तुम्ही त्यांना लेखी कळवलेलं हवं. परवानगी मागायची नाहीये, कळवायचंय. आधीच्या माणसाची फी थकलीये म्हणून त्याने एनओसी अडवून धरली तर तो त्याचा आणि मालकाचा हिशोब. (पालिकेत आर्किटेक्ट बदलताना खिडकीवरचा माणूस एनओसी मागतो ते वेगळं, त्यामुळेच हा घोळ सगळ्यांच्या डोक्यात बसलाय.) पण हेही खरं, की तुम्ही लेखी कळवलंच नसेल तर तुमची बाजू लंगडी आहे, आणि ते उत्तरात लपवू नका. फोनवर बोलणं झालं होतं का, व्हॉट्सॲपवर काही आहे का, साइटवर दोघं भेटला होतात का, जे असेल ते तारखेनिशी द्या.

माझ्या प्रकरणात मी वाचलो तो एका पोचपावतीमुळे. ती कुठे सापडली माहितीये का, मालकाच्या टाइल्सच्या बिलांच्या फाइलमध्ये, कारण पत्र त्यांच्याच गाडीतून जाऊन पोस्टात टाकलं होतं आणि कार्ड परत आलं ते त्यांच्या पत्त्यावर. कोपरा वाळवीने खाल्लेला, पण सही आणि पोस्टाचा शिक्का शाबूत. तेव्हापासून ऑफिसमध्ये प्रत्येक जॉबच्या फाइलला पहिलंच प्लास्टिकचं पाकीट पोचपावत्यांचं असतं, पोरं हसतात, हसू देत.

अजून एक, आणि हे कुणी बघतच नाही. तक्रारदाराचा सीए नंबर (कौन्सिलचा नोंदणी क्रमांक) कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये तपासा. कायद्यात ‘आर्किटेक्ट’ म्हणजे ज्याचं नाव त्या वेळी रजिस्टरमध्ये आहे तो, आणि काम घेण्याबद्दलचं ते १९८९ चं कलमही ‘दुसऱ्या आर्किटेक्ट’बद्दल बोलतं. आपल्याकडे सिव्हिल इंजिनिअर काम करतो आणि सगळं गाव त्याला आर्किटेक्ट म्हणतं, हे नाशकात काय आणि साताऱ्यात काय सारखंच. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की आर्किटेक्ट्स ॲक्टच्या कलम ३७ ने बंदी आहे ती नावाला ‘आर्किटेक्ट’ लावण्यावर, काम करण्यावर नाही, त्यामुळे त्याने काम केलं यात गैर काही नाही, पण मग १९८९ च्या त्या कलमाचं संरक्षण त्याला मिळतं का हा मुद्दा वकिलांना काढायला लावा. आणि हो, स्वतःच्या नोंदणीचं रिन्यूअलही बघून घ्या. फी भरायची राहिली तर कलम २७ खाली नाव निघतं, आणि मधल्या काळात तुम्ही आर्किटेक्ट म्हणून सह्या केल्या असतील तर तो वेगळाच ताप. आधी ते नीट करा.

टेरेसच्या गळतीचं. इथे फरक आहे चूक आणि गैरवर्तन यातला. पुण्याच्या वकिलांचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, त्यात कोर्ट म्हणालं की नुसता निष्काळजीपणा, त्यात नैतिक खोट नसेल तर ते व्यावसायिक गैरवर्तन होत नाही, आणि चुकीचा सल्ला देणं वेगळं, गैर सल्ला देणं वेगळं. ते वकिलांपुरतं होतं, पण तोच तर्क आपल्यालाही मांडता येतो. मात्र त्यावरच सगळी भिस्त ठेवू नका, कारण आपल्या रेग्युलेशनमध्ये उत्तम दर्जाची सेवा देणं हेही एक कर्तव्य म्हणून लिहिलंय, समोरचा वकील तेच उचलणार. म्हणून वॉटरप्रूफिंगचं डिटेल तुम्ही काय दिलं होतं, कंत्राटदाराने काय केलं, साइट व्हिजिटला तुम्ही काय लिहून दिलंत, ते ड्रॉइंगच्या रिव्हिजन नंबर आणि तारखेसकट जोडा. साइटची डायरी असेल तर सोनं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट देताय तर नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) सर्टिफिकेटही करून ठेवा, चौकशीत कोणी मागो न मागो, पुढे लागतं. आणि प्लीज, आता बसून मागच्या तारखेची पत्रं तयार करू नका. मी एकाला असं करताना पाहिलंय, मूळ तक्रार किरकोळ होती, तो अडकला त्या पत्रामुळे.

वकील करायचा का? करा. पण कुठला ते बघा. प्रॉपर्टीची कागदपत्रं करणारा नको, ज्याने सर्व्हिस मॅटर (नोकरीतले वाद) किंवा डॉक्टर, सीए यांच्या कौन्सिलसमोरच्या केसेस केल्यात असा शोधा, खात्यांतर्गत चौकशी कशी चालते हे त्याच्या हाडात असतं. तांत्रिक मसुदा तुम्हीच लिहा, कारण सनशेड आणि पॅरापेट यातला फरक त्याला समजावण्यात दोन मीटिंगा जातात, मग तो त्याला कायद्याच्या भाषेत बसवेल. नोटिशीतली मुदत पुरत नसेल तर मुदत संपायच्या आत लेखी मुदतवाढ मागा, गप्प बसणं सगळ्यात वाईट. तक्रारीला जोडलेले कागद तुम्हाला मिळाले नसतील तर तेही लेखी मागा.

हे एवढं का सांगतोय, तर माझ्या माहितीप्रमाणे कलम ३० च्या ऑर्डरवर या कायद्यात वेगळं अपील ठेवलेलं नाही. रस्ता उरतो तो संविधानाच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्जाचा, आणि तिथे कोर्ट गळती कुणामुळे झाली हे नव्याने तपासत बसत नाही, ते बघतं की तुम्हाला ऐकलं का, कारणं दिली का, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त आहे का. म्हणजे आत्ता जे उत्तर द्याल, जे कागद लावाल, ज्या गोष्टीला लेखी हरकत घ्याल, तेच तिथे वाचलं जाणार. उत्तर लिहिताना कौन्सिलच्या कमिटीइतकाच दोन वर्षांनी ती फाइल उघडणारा न्यायाधीश डोळ्यासमोर ठेवा.

बाकी दोन गोष्टी पटकन. प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी (व्यवसायातल्या चुकांवरच्या दाव्यांचा विमा) असेल तर नोटीस मिळाल्याचं इन्शुरन्स कंपनीला आजच कळवा, या पॉलिसी बहुतेक ‘क्लेम कधी आला’ त्यावर चालतात, उशिरा कळवलं की ते हात वर करतात, शिस्तभंगाच्या चौकशीचा खर्च त्यात येतो का ते कलम वाचून बघा. आणि मालक ग्राहक आयोगात गेले किंवा पोलिसात तक्रार दिली तर तिकडचं आणि इकडचं उत्तर एकाच वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या, दोन ठिकाणी दोन तारखा लिहिल्या गेल्या तर मग देव सुद्धा वाचवत नाही. पोलिसांचं काही असेल तर कौन्सिलला उत्तर देण्याआधी फौजदारी वकिलाला विचारा, तिथे कमी बोललेलं बरं.

मालकाने आधीच्या आर्किटेक्टला काम बंद करायला सांगितल्याचं पत्र त्यांच्याकडे आहे का, ते आधी विचारा. गळतीवरून चिडलेत म्हणालात, तरी जाऊन विचारा, ते पत्र त्यांच्याही फायद्याचं आहे. मिळालं की तारीख इथे सांगा, मग तुमच्या उत्तराचा पहिला पॅरा कसा असावा ते बघू.