रेल्वेतून निवृत्त झालेल्या वडिलांसाठी चालणारं मॉडेल इंजिन घ्यायचं आहे. कोणता ब्रँड भरवशाचा?

तुम्ही लिहिलंय की वडील मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते, नोकरीचा बराच काळ कल्याण-पुणे घाटात गेला, आणि येत्या पंच्याहत्तरीला त्यांना रुळांवर चालणारं इंजिन द्यायचं आहे. घरात सहा बाय चार फुटांचा प्लाय मावेल, तुम्ही यातलं काहीच आधी घेतलेलं नाही, आणि ‘दोन महिन्यांत बंद पडणारं खेळणं नको’ ही एकच अट आहे.

आधी थेट उत्तर देतो. तुमच्या बाबतीत मी एचओ मापातलं (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं), दोन रुळांवर डीसीवर (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर) चालणारं, पिको किंवा रोको कंपनीचं साधं चार आसांचं डिझेल किंवा इलेक्ट्रिक इंजिन घेईन. जागा याहून कमी असती तर डोळे मिटून जपानच्या काटो कंपनीचं एन मापातलं, म्हणजे याहून लहान इंजिन घ्या म्हणालो असतो. आता कारणं सांगतो, कारण ती कळली तर दुकानदार दुसरं काही पुढे करेल तेव्हा तुम्हाला स्वतः ठरवता येईल.

मी डोंबिवलीत अठरा वर्षं हा छंद करतोय. माझं पहिलं इंजिन जुन्या बाजारातलं होतं, एचओचं डिझेल. नाव मोठं, खोका सुंदर, रंगकाम तर इतकं बारीक की जाळीमागचा पंखा दिसायचा. रुळावर ठेवलं आणि टक्... टक्... टक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक गचका. आठवडाभर मी रूळच पुसत बसलो. शेवटी बोगी (इंजिनाखालचा, चाकं बसवलेला वळता सांगाडा) खालून उघडली, आस बाहेर काढला आणि खिडकीशी उजेडात धरला. आसावर दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या गिअरला केसाएवढी चीर होती. लोखंडी आसावर घट्ट बसवलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं आणि एक दिवस फुटतं. चीर पडली की तिथल्या दोन दातांमधली फट रुंदावते, समोरचा दात तिच्यात नीट बसत नाही, आणि गाडी तेवढ्यापुरती अडखळते. दुरुस्ती दहा मिनिटांची आणि वस्तू वाटाण्याएवढी. पण त्या कंपनीकडे तो गिअर मिळतच नव्हता. इंजिन चार महिने कपाटात पडून राहिलं. पुढे दुसऱ्याच कंपनीचा गिअर त्याला बसतो असं कळलं, तो मागवला, आणि ते इंजिन आजही चालतंय.

तेव्हापासून ‘भरवशाचा ब्रँड’ म्हणजे काय, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं, ते महिनाभर पडून राहिल्यावरही गचका न देता हळू सुटलं पाहिजे. दुसरं, त्याचा सुटा भाग दहा वर्षांनीही मिळाला पाहिजे. रंग, नंबर, दिवे हे सगळं नंतर.

हळू सुटणं हे तुमच्या घरी तर फारच महत्त्वाचं. ज्या माणसानं बोर घाटात एकास सदतीसच्या चढावर मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन लावून गाड्या चढवल्या, तो मॉडेल हातात आल्यावर आधी नॉब किंचित फिरवून बघणार. इंजिन जागेवर गुरगुरलं आणि मग एकदम उडी मारून पळालं, तर ते पुन्हा हात लावतील असं मला वाटत नाही. म्हणून दुकानात किंवा व्हिडिओ कॉलवर चालवून बघताना सुसाट पळवायला सांगूच नका. सगळ्यात हळू चालवायला सांगा. एचओच्या रुळावर दोन स्लीपरमध्ये साधारण सात मिलिमीटर अंतर असतं. चांगलं इंजिन सेकंदाला एक स्लीपर अशा चालीनं सरकतं, म्हणजे खऱ्या मापात ताशी दोन-सव्वादोन किलोमीटर, माणसाच्या चालण्याहूनही हळू. दोन्ही दिशांना चालवा. कान जवळ नेऊन ऐका: एकसारखी घरघर चालेल, ठराविक अंतरानं येणारी टकटक चालणार नाही.

ही चाल कुठून येते, तर आतल्या तीन गोष्टींतून. पाच पोलची (फिरत्या भागात पाच वेटोळी असलेली) मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवणारं जड चाक, आणि आठही चाकांतून वीज उचलणं. फ्लायव्हीलमुळे रुळावर कणभर कचरा आला तरी मोटर आपल्या वेगात तो टप्पा ओलांडते. स्वस्त इंजिनांत मोटर एकाच बोगीवर बसवलेली असते आणि वीजही मोजक्याच चाकांतून घेतलेली असते. असं इंजिन सांध्यावर किंवा पॉइंटवर (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते) हमखास अडतं. वजनही हातात धरून बघा. आत धातूची जड चौकट असेल तर चाकं रुळाला घट्ट टेकतात आणि वीजही नीट मिळते. हलकं लागलं की मी ते खाली ठेवतो.

आता कंपन्यांकडे वळतो.

काटोबद्दल मला मनापासून आदर आहे. ही जपानी कंपनी १९५७ची, आणि १९६५पासून एन मापात आहे. एन म्हणजे जपानबाहेर बहुतेक ठिकाणी १:१६० आणि जपानी गाड्यांना बहुधा १:१५०, दोन रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. माझ्याकडची काटोची दोन इंजिनं डब्यातून काढली की कुरकुर न करता चालतात. त्यांचा खडीसकट येणारा युनिट्रॅक रूळ कटकट् बसतो आणि सांध्यात वीज तुटत नाही. तरी तुमच्या वडिलांसाठी मी एन सुचवत नाही, आणि त्याचं कारण फक्त त्यांची बोटं आणि डोळे हे आहे. नऊ मिलिमीटरच्या रुळावर इंजिनाची आठही चाकं बसवणं पंच्याहत्तरीत त्रासाचं होतं. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपलं डब्ल्यूडीएम-टू डिझेल इंजिन या मापात केलं तर वीतभराच्या आत, वीस सेंटिमीटरच्या आसपास येतं. हातात धरायला हेच बरं.

पिको ही जर्मनीतल्या सोनेबर्गची कंपनी. मूळची पूर्व जर्मनीतली, १९९२ मध्ये खासगी हातांत गेली. तिची ‘हॉबी’ नावाची स्वस्त मालिका आहे. तपशील थोडे कमी, रेलिंग जाड, पण आतली यंत्रणा दणकट. पहिल्या इंजिनाला नाजूक रेलिंग नसणं ही माझ्या मते चांगलीच गोष्ट, कारण घरात नातवंडं असतातच. रोको ऑस्ट्रियाची, साल्झबुर्गजवळची, १९६०ची. ती थोडी महाग, पण चाल फार सुरेख. या दोन्ही कंपन्यांच्या इंजिनाबरोबर सुट्या भागांचा नकाशा येतो. त्यात प्रत्येक स्क्रूला नंबर असतो, आणि त्या नंबरानं भाग मागवता येतो. हा कागद फेकू नका. मी माझे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवलेत.

मेर्क्लिनचं नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. १८५९ पासूनची, जर्मनीतल्या ग्योपिंगेनची कंपनी, आणि मॉडेल्स पिढ्यान्पिढ्या टिकणारी. पण त्यांची एचओ पद्धत वेगळी आहे: वीज रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खुंट्यांतून येते आणि इंजिनाच्या पोटाखालची पट्टी ती उचलते. वीज उचलण्याची ही रीत अतिशय खात्रीची आहे. पण ते इंजिन इतरांच्या दोन-रुळी पद्धतीवर चालत नाही, आणि इतरांचं त्यांच्या रुळावर चालत नाही. एकदा त्या वाटेला गेलात की पुढची प्रत्येक खरेदी त्याच पद्धतीत करावी लागते. ते मान्य असेल तर जरूर घ्या.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वडिलांना ‘खेकडा’ आठवतो का, विचारून बघा. जीआयपी रेल्वेनं (मध्य रेल्वेच्या आधीची कंपनी) १९२८च्या सुमारास घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेलं ते डब्ल्यूसीजी-वन: दोन्हीकडे लांब नाकं, बाजूला हलणारे दांडे. ती स्विस इंजिन कारखान्याची रचना. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावरचं प्रसिद्ध ‘क्रोकोडाइल’ इंजिन त्याच घराण्यातलं. आपल्याकडे त्याचा खेकडा झाला, तिकडे मगर. एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलाय. मेर्क्लिन १९४७ पासून एचओमध्ये त्या स्विस मगरीचं मॉडेल करत आलीय, आणि त्याच घरातल्या ट्रिक्सनं ते दोन-रुळी पद्धतीतही काढलं. महाग आहे, आणि पहिलं इंजिन म्हणून मी ते सुचवणार नाही, कारण दांड्यांची यंत्रणा नवख्याच्या हाताला नाजूक पडते. पण वडिलांना छंद लागला तर पुढच्या एखाद्या वाढदिवसाला तेच. घाटात काम केलेल्या माणसासमोर ते दांडे हलताना बघायला मिळणं, याहून मोठी भेट मला सुचत नाही.

अमेरिकन कंपन्यांची नावंही दुकानात ऐकाल: अ‍ॅथर्न, अ‍ॅटलास, बॅकमन. इथे एक लक्षात ठेवा: खोक्यावरचं नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा, असं या धंद्यात सर्रास असतं. ऐंशीच्या दशकात अ‍ॅटलासची एन मापातली नावाजलेली डिझेलं जपानमध्ये काटोच बनवत होती. बॅकमन ही हाँगकाँगच्या कादेर कंपनीच्या मालकीची, आणि कादेर स्वतः कारखानदार. शिवाय एकाच कंपनीत स्वस्त मालिका वेगळी आणि उत्तम मालिका वेगळी. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली’ एवढ्यावर थांबू नका. ठराविक मॉडेलचा नंबर घेऊन त्याबद्दल विचारा.

भारतीय इंजिनच हवं असा हट्ट असेल, आणि तो मला समजतो, तर इथले काही छांदिष्ट थ्रीडी प्रिंटिंगनं वरचा सांगाडा करून परदेशी चासीवर, म्हणजे मोटर आणि चाकं असलेल्या खालच्या भागावर बसवतात. त्यांना पहिला प्रश्न एकच विचारा: आतली चासी कुणाची? उत्तर टाळलं तर पुढे बोलू नका. (आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ला तो एकोणीस मिलिमीटरच्या थोडा वर यायला हवा, पण तयार रूळ साडेसोळाचाच मिळतो. वडिलांच्या नजरेतून हे सुटणार नाही, तेव्हा आधीच सांगून टाका.)

वळणाचंही बघा. खोक्यावर किमान त्रिज्या लिहिलेली असते. तुमच्या चार फुटी प्लायवर साडेचारशे मिलिमीटरच्या आसपासची त्रिज्या आरामात बसते, आणि चार आसांचं इंजिन तिच्यावर मजेत फिरतं. सहा आसांची लांब डिझेलं बऱ्याचदा साडेपाचशेच्या वर मागतात, तेव्हा ती टाळा.

विजेच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. जपानी पॉवर पॅक (रुळाला वीज पुरवणारा डबा) शंभर व्होल्टचा, अमेरिकन एकशेवीसचा. आपल्याकडे दोनशेतीस. माझ्या एका मित्रानं बाहेरून आलेला पॅक तसाच भिंतीत लावला आणि क्षणात धूर निघाला. मागच्या पट्टीवर ‘१००–२४०’ छापलेलं असेल तरच लावा. रुळावर जाणारी वीज बारा व्होल्ट डीसी असते, तिची भीती नाही. डिजिटल पद्धत, म्हणजे डीसीसी, सध्या नको. फक्त डीकोडरचं (डिजिटल आज्ञा वाचणाऱ्या छोट्या भागाचं) सॉकेट असलेलं इंजिन घ्या, म्हणजे पुढे वाटलं तर बसवता येईल.

परदेशातून मागवणार असाल तर खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झाली, हे हिशेबात धरा. आजचा दर मागवण्याआधी तपासा. कुणी नातेवाईक येणार असेल तर त्यांच्याबरोबर आणवणं सोपं, फक्त सामानाची शुल्कमुक्त मर्यादा बघून घ्या. त्याच खेपेत सुटे भागही आणवा: चाकांवरच्या रबरी कड्यांचा एक जादा संच आणि मोटरचे ब्रश. आपल्या उकाड्यात ती रबरं कडक होतात आणि चढावर चाकं घसरायला लागतात.

पावसाळ्यात चाकांवर काळा थर जमतो. पांढऱ्या सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका, ते कापड रुळावर पसरा, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी रुळावर ठेवून हातानं धरा आणि मोटर चालू करा. कापडावर दोन काळ्या रेघा उमटतील. मग बोगी बदला. तेल मात्र प्लास्टिकला चालणारंच, आणि तेही टाचणीच्या टोकावर येईल एवढंच. घरातलं खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल नको. ते सुकून गिअरमध्ये चिकटा धरतं.

भेट देण्याआधी आठवडाभर इंजिन गुपचूप काढून अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे, मध्यम वेगानं चालवून घ्या. नवे गिअर एकमेकांत बसतात, आणि काही दोष असेल तर परत करायला वेळही मिळतो. पुण्यात जाणं होत असेल तर कोथरूडचं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय वडिलांना दाखवून आणा. १९९८ पासून ते सुरू आहे आणि तिथे बऱ्याच गाड्या एकाच वेळी चालताना बघायला मिळतात. ते कुठल्या गाडीपाशी जास्त वेळ थांबतात, तेवढं नीट बघून ठेवा आणि मला इथे कळवा. मग नेमकं मॉडेल आपण ठरवू.