रँकिंगचा रकाना शेवटी टाक

अनेक आशीर्वाद.

कुठे जाऊ असं विचारणारी तुझी मेल वाचली, सोबतची एक्सेल शीटही उघडून बघितली. केमिस्ट्रीतल्या तीन ठिकाणच्या ऑफर, एक एमएसची (म्हणजे मास्टर्सची) आणि दोन पीएचडीच्या, हातात आहेत याचा मला झालेला आनंद आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बरीच टोचून बोलणार आहे. शीट नेटकी आहे, रंगबिंग भरलेले आहेत. पहिला रकाना रँकिंगचा, दुसरा स्टायपेंडचा, मग हवामान, भारतीय किराणा, विमानाचं भाडं. अगदी उजव्या टोकाला, स्क्रीन सरकवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, 'गाइड'. तिथेही तिन्हींपैकी एकाच ओळीत नाव आहे. हा रकाना उचल आणि पहिला टाक. रँकिंग शेवटी गेलं तरी चालेल, नाही टाकलंस तर आणखी बरं.

रँकिंग अख्ख्या विद्यापीठाचं असतं, फार तर विभागाचं. तू राहणार आहेस दहा-बारा जणांच्या एका ग्रुपमध्ये, एका माणसाच्या हाताखाली, पाच-सहा वर्षं. तुझा विषय काय असेल, पेपरवर तुझं नाव कितवं येईल, आईच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे घरी यायला मिळेल की नाही, हे सगळं तो माणूस ठरवणार.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं (माहेरच्या कमला भागवत) उदाहरण मी वर्गात देते, तू ऐकलेलं आहेस. तरी या नजरेने पुन्हा बघ. 1933 साली मुंबई विद्यापीठातून केमिस्ट्री घेऊन उत्तम रीतीने पास झालेल्या कमला भागवतांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. देशात त्याहून मोठं नाव नव्हतं आणि संचालक होते साक्षात सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटून बसल्या तेव्हा प्रवेश मिळाला, तोही वर्षभर काम बघून मग ठरवू अशा अपमानास्पद अटींवर. मात्र त्याच इमारतीत त्यांना श्रीनिवासय्या हे गाइड भेटले. कडक होते, पण हातचं न राखता शिकवणारे होते. तिथून त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी या द्रव्यावर काम केलं आणि 1939 मध्ये पीएचडी घेऊन परतल्या. संस्था तीच, दार बंद करणारा एक आणि शिकवणारा दुसरा. रँकिंगच्या रकान्यात या दोघांची बेरीज होऊन एकच आकडा आला असता.

आता गाइड पारखायचा कसा? जुन्या बायका स्थळ बघताना पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर जात नसत, मागच्या दारी जाऊन शेजारणीशी बोलत. तसंच करायचं. प्रोफेसरांची स्वतःची वेबसाइट म्हणजे सोफा. तिथे फक्त जुन्या विद्यार्थ्यांची यादी बघ. कोण कोणत्या वर्षी आला, कधी बाहेर पडला, आता कुठे आहे. मग ग्रुपचे पाच-सात वर्षांपूर्वीचे पेपर काढ आणि त्यांतली नावं या यादीशी ताडून पाहा. पेपरवर नाव आहे पण यादीत माणूस नाही, असे दोन-तीन निघाले तर ते कुठे गेले हे विचारायलाच हवं. अमेरिकेत पीएचडीला घेतलेला मुलगा मधेच मास्टर्सची डिग्री घेऊन बाहेर पडतो, हे काही क्वचित घडत नाही. कधी ते त्याच्या मर्जीने असतं, कधी नसतं.

प्रबंध वाच. पूर्ण नको, आभाराचं पान वाच. आपल्याकडचे बरेचसे प्रबंध 'शोधगंगा' या वेबसाइटवर फुकट मिळतात, तिकडचे विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर. गाइडविषयी एक कोरडी ओळ आणि लॅबमधल्या सीनिअर मुलीविषयी अर्धं पान असेल, तर त्या लॅबमध्ये शिकवतं कोण हे तुला कळेल. एकाच पानावरून निकाल देऊ नकोस. चार प्रबंध काढलेस की सूर लागतो.

पैसा कुठून येतो तेही बघ. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने कुणाला किती ग्रँट दिली आणि ती कधी संपते, हे त्यांच्या साइटवर कुणालाही नावाने शोधता येतं. आरोग्याशी संबंधित काम असेल तर एनआयएच या तिकडच्या आरोग्य-संशोधन संस्थेची तशीच 'रिपोर्टर' नावाची साइट आहे. ग्रँट पुढच्या वर्षी संपत असेल तर प्रोफेसरांना सरळ विचार, 'त्यानंतर काय?' उद्धटपणा वाटत नाही त्यांना. 2025 मध्ये तिकडे संशोधनाचा सरकारी पैसा आटला तेव्हा कित्येक विभागांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काही ठिकाणी तर दिलेले प्रवेश मागे घेतले गेले. तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्याही सवयीचा झाला आहे.

आणि मुलांशी बोल. मेलवर नको, मेलवर कुणी खरं लिहीत नाही. व्हिडिओ कॉल लाव, एकेकट्याशी. 'सर कसे आहेत?' असं विचारलंस तर 'छान आहेत' एवढंच ऐकायला मिळेल. विचार की मागच्या वर्षी घरी किती दिवस गेला होतास, रविवारी लॅबमध्ये किती जण असतात, तुझा पहिला ड्राफ्ट सरांनी किती दिवसांनी परत दिला, गेल्या तीन वर्षांत ग्रुप कुणी सोडला. यांची उत्तरं आकड्यात द्यावी लागतात, गोलमाल करता येत नाही.

सिंथेसिसच्या, म्हणजे नवी रसायनं बनवण्याच्या, लॅबमध्ये जाणार आहेस म्हणून आणखी एक. त्याच कॉलवर फोन फिरवून लॅब दाखवायला सांग. फ्यूम हुडमध्ये (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) बाटल्यांची गर्दी किती आहे, माणसांच्या अंगात लॅब कोट आहेत का, बघ. 2008 च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या एका नामांकित विद्यापीठात 23 वर्षांची संशोधन सहायक सिरिंजने टर्ट-ब्युटिललिथियम हे हवा लागताच पेटणारं रसायन काढत होती. दट्ट्या निसटून बाहेर आला, द्रव हवेत पेटलं. अंगात लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. तेही नाव रँकिंगमध्ये वरचंच होतं. ज्या लॅबमध्ये कोट खुंटीवर टांगलेले दिसतील आणि माणसं टी-शर्टवर, तिथे पेपर कितीही चांगले निघोत, मी तुला पाठवणार नाही.

आता एमएसच्या ऑफरबद्दल. तुझ्या शीटमध्ये ती हिरव्या रंगात आहे, कारण विद्यापीठाचं नाव आपल्या गल्लीतल्या माणसालाही माहीत आहे. माझं मत विचारलंस म्हणून सांगते: ती खोडून टाक. तुला संशोधन करायचं आहे. अमेरिकेत केमिस्ट्रीच्या पीएचडीला आधी एमएस लागत नाही आणि पीएचडीला फी माफ होऊन वर पगार मिळतो. जी गोष्ट एका दारातून पैसे देऊन बोलावतात, तिच्यासाठी दुसऱ्या दारात पैसे भरून उभं राहायचं कशाला? कॉम्प्युटरवाल्या तुझ्या चुलतभावाचं गणित वेगळं आहे, त्याला एमएसनंतर नोकरी हवी होती. त्याचं बघून तू ठरवू नकोस.

कर्जाचा हिशेबही मांडून बघू. समज 40 लाख, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत. हप्ता महिना 54 हजारांच्या आसपास बसतो. पूर्ण रक्कम उचलल्यावर शिकत असतानाच वर्षाला 4 लाख 20 हजार व्याज चढत राहतं, ते निराळं. सरकारी बँक साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण मागते. म्हणजे बाबांचं घर. आणि डिग्रीनंतर तिकडे काम करायला आजच्या नियमाप्रमाणे मिळतात एक अधिक दोन, अशी तीन वर्षं. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. दहा वर्षांचं कर्ज तीन वर्षांच्या परवान्यावर उभं करायचं, तेही नोकरी लगेच मिळाली असं धरून. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत हे मला माहीत आहे. म्हणूनच तू नाही म्हणायला हवंस.

चौकातल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सचं दडपण मी समजू शकते. तो कुठल्याही विद्यापीठाच्या नावाने लागतो आणि पंधरा दिवसांत पुढच्या वाढदिवसासाठी उतरतो.

राहिल्या दोन पीएचडी: अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं ते सरकारी विद्यापीठ आणि पुण्याची एनसीएल, म्हणजे नॅशनल केमिकल लॅबोरेटरी.

मिडवेस्टचं पत्र पुन्हा वाच, या वेळी पेन घेऊन. स्टायपेंड लिहिला आहे तो नऊ महिन्यांचा की बारा? तुझ्या शीटमध्ये तू तो बाराने भागला आहेस, पत्रात मात्र 'अकॅडेमिक इयर' म्हटलंय. उन्हाळ्यातले तीन महिने कोण देणार, हे विचारून घे. ट्यूशन माफ आहे, पण 'फीज' म्हणून वेगळी ओळ असते, ती दर सेमिस्टरला खिशातून जाते. आरोग्यविम्याचा किती भाग ते भरतात? टीएशिप किती वर्षांसाठी पक्की आहे? टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणजे आठवड्याला वीस तासांपर्यंत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेणं आणि जर्नल तपासणं. काही ठिकाणी शिकवायला उभं करण्याआधी बोलण्याच्या इंग्रजीची वेगळी परीक्षा घेतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम म्हणून घाबरायचं कारण नाही. आपल्या एफवायच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेतेस तेच रोज अर्धा तास इंग्रजीत घे, ती मुलंही खूश होतील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे तुला विभागाने घेतलंय, कुणा एका प्रोफेसरने नाही. पहिल्या सेमिस्टरमध्ये तू चार-पाच जणांना भेटणार, पसंतीक्रम देणार आणि मग ग्रुप मिळणार. पहिली पसंती मिळेलच असं नाही. म्हणून माझा नियम: ज्यांच्याकडे आनंदाने काम करशील असे किमान तीन जण तिथे असले, आणि तिघेही यंदा नवी मुलं घेणार असले, तरच जायचं. एकाच नावासाठी समुद्र ओलांडायचा नाही. ते एक सर उद्या दुसऱ्या विद्यापीठात गेले तर?

एनसीएलमध्ये हा धोका नाही, कारण तिथल्या गाइडांकडे तू प्रोजेक्ट केलेला आहेस. ते चिडतात कशावर, ड्राफ्ट किती दिवसांत देतात, सगळं तुला आधीच माहीत आहे. तुझ्या एक्सेल शीटमधलं एकुलतं एक नाव त्यांचंच आहे, हे तुझ्या लक्षात आलं का? नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) हातात आहे: पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, मग एसआरएफचे, म्हणजे सीनिअर फेलोशिपचे, 42 हजार, शिवाय घरभाडं. फेलोशिप उशिरा जमा होते ही ओरड सगळीकडे ऐकू येते, तेव्हा तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच पुण्यात खोली घे. यंत्रसामग्रीत तू मागे पडणार नाहीस. मागे पडशील ती वेगवेगळ्या देशांतल्या माणसांमध्ये वावरण्यात, दर आठवड्याला नवा वक्ता ऐकण्यात. ती उणीव खरी आहे, मी ती लपवत नाही. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, बाहेर जाऊन ती बरीचशी भरून काढता येते.

आजच ठरवायचं झालं तर मी पुण्याकडे झुकेन. तुला हे वाचून राग येईल. मग मला खोटं पाडून दाखव: मिडवेस्टमधले तीन गाइड शोध, मुलांशी बोल, उन्हाळ्याच्या पगाराचं लेखी उत्तर आण. ते नीट आलं तर मीच तुला विमानतळावर सोडायला येईन.

वेळ आहे तुझ्याकडे. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर ज्या विद्यापीठांनी सही केली आहे, ती आर्थिक मदतीच्या ऑफरला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला तुला भाग पाडू शकत नाहीत. तुझं विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते बघून घे. एमएसवाले मात्र त्याआधीच डिपॉझिट मागताहेत आणि त्यांना ते मागता येतं, कारण त्यांच्या ऑफरमध्ये मदत नाहीच. ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. 'जागा धरून ठेवू' म्हणून भरू नकोस. जेआरएफच्या पत्रावरची मुदतही तपास.

जिथे जायचं नाही असं पक्कं होईल त्यांना त्याच दिवशी दोन ओळींत कळव, 15 तारखेपर्यंत थांबू नकोस. वेटलिस्टवरची मुलं त्या मेलची वाट बघत असतात. आणि तुझ्यासाठी शिफारसपत्रं लिहिलेल्या दुसऱ्या दोन सरांनाही कळव काय झालं ते. मला तू सांगतेस, त्यांना बातमी कँटीनमध्ये कळते.

गुरुवारी चारनंतर मी डिपार्टमेंटमध्ये आहे. मिडवेस्टचं पत्र प्रिंट काढून आण, स्क्रीनवर मला नीट वाचता येत नाही.

तुझी,
मॅडम