गाडीचा दवाखाना : टॅपेटचा आवाज गेला आणि किकही गेली

प्रश्न : नमस्कार सर, माझी 2012 ची 100 सीसी गाडी आहे, कार्बोरेटरवाली. दोनेक महिने झाले, सकाळी 20-25 किका मारल्याशिवाय चालूच होत नाय, घाम निघतो नुसता. उतारावर सेकंडला टाकून सोडली की लगेच होते आणि एकदा गरम झाली की दिवसभर हाफ किकला. प्लग नवीन टाकला, फिल्टर साफ केला. गॅरेजवाला म्हणतोय कार्बोरेटर बदला. बाकी गाडी मस्त ए, मागच्या सर्विसिंगला टॅपेटचा आवाजपण काढून घेतला, एकदम शांत पळते. काय करू? (एक वाचक, फलटण)

उत्तर : कार्बोरेटर घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुम्ही जे शेवटी जाताजाता लिहिलंय ना, टॅपेटचा (म्हणजे इंजिनातल्या वॉल्व्हला, झडपेला, दाबणाऱ्या भागाचा) आवाज काढला, माझा संशय सगळा तिथंच आहे. पण आधी दोन गोष्टी बघून घ्या, फुकटात होतात.

सकाळी चोक ओढून आठ-दहा किका मारा (चोक ओढल्यावर अॅक्सिलरेटर पिळायचा नाही, निम्मी जनता इथंच चुकते) आणि लगेच प्लग खोला. कोरडा निघाला तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही, मग कॉक (टाकीखालची तोटी), नळी आणि कार्बोरेटरमधलं पायलट जेट बघा. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, त्यात तार खुपसू नका, क्लीनर स्प्रे मारा. प्लग ओला निघाला तर पेट्रोल येतंय, मग करंट बघा, कॅपमध्ये प्लग अडकवून त्याचा लोखंडी भाग इंजिनला टेकवायचा आणि किक मारायची, पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथनं पेट्रोलची वाफ निघते, भडका उडायचा. ठिणगी निळी, कडक पाहिजे. पिवळट, मरतुकडी असेल तर कॅप आणि कॉइल तपासा.

प्लग ओला, करंट कडक आणि तरी गाडी चालू नाही, तर राहिलं कंप्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब. प्लग परत बसवा आणि किक हातानं हळू दाबा. एका जागी चांगली अडली पाहिजे. अडल्यासारखी वाटून फुसकन खाली गेली तर हवा निसटतेय.

होतं काय, टॅपेट आणि वॉल्व्हमध्ये जरा फट ठेवावीच लागते, असल्या गाड्यांत साधारण 0.05 ते 0.10 मिमी, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलला बघा. आवाज घालवायचा म्हणून ती पार आवळली की वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब गळतो. किकनं इंजिन सावकाश फिरतं म्हणून गळायला वेळ मिळतो, उतारावर जोरात फिरतं म्हणून भागतं. आणि गरम इंजिनात पेट्रोलची वाफ चटकन होते, त्यामुळे कमी दाबावरपण पेटतं. तुमची तिन्ही लक्षणं यात बसतात.

आता सर्विसिंगला आपण गाडी चालवत नेतो आणि मिस्त्री त्याच तापलेल्या इंजिनवर पाना लावतो, तेपण कानानं! तापल्यावर फट बदलते, तसं नको. गाडी रात्रभर गॅरेजमध्येच सोडा, सकाळी थंड इंजिनवर, मॅग्नेटची टी खूण जुळवून (कंप्रेशनच्या फेरीत, दोन्ही टॅपेट ढिले लागले पाहिजेत) फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सेट करायला सांगा. गेज नसेल तर गॅरेज बदला. थोडी टिकटिक ऐकू येईल, येऊ द्या. असंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो आणि मग हेड उतरवायचा खर्च. फट बरोबर करूनही किक मऊच लागली तर मात्र वॉल्व्ह नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्यात असं धरा.

प्रश्न : माझी बीएस 6 आहे, चोकच दिलेला नाही. थंडीत सेल्फ मारला की नुसतं कट्कट् करते. (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : कट्कट् म्हणजे बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर मीटर लावून बघा, 12.6 च्या आसपास व्होल्ट हवेत, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासून काढा. आणि चावी फिरवल्या फिरवल्या बटण दाबू नका हो, टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो, तो थांबला की मग सेल्फ मारा.