ओटीजीमध्ये, हाताने मळून स्वस्तात ब्रेड कसा करायचा? माझा नेहमी घट्ट होतो.

बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं किंवा पीठ पुरतं फुगलेलं नसतं. ५०० ग्रॅम मैद्याला ३२० मिली कोमट पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे तेल. पीठ सुरुवातीला चिकटणारच. वरून मैदा घालू नका, तिथेच ब्रेड बिघडतो. १५ मिनिटं झाकून ठेवा, मग १० मिनिटं मळा. ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला की पुरे.

पुढे घड्याळ बघू नका, पीठ दुप्पट झालंय का ते बघा. मुंबईच्या उकाड्यात तासाभरात होतं, पुण्याच्या थंडीत दुप्पट वेळही लागतो. मग हवा काढून घट्ट गुंडाळी करा, तेल लावलेल्या टिनमध्ये ठेवा. पुन्हा फुगून काठाच्या बोटभर वर आली की आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये खालच्या रॅकवर २०० अंशांवर ३५ मिनिटं. वरून लवकर करपत असेल तर फॉइल झाका. गरम कापलात तर आत गिचका लागेल.

कणकेचा ब्रेड हवा तर आधी निम्म्याच मैद्याऐवजी कणीक घ्या, पाणी ३०-४० मिली वाढवा. कारण कणकेतल्या कोंड्याने ग्लूटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे तुटतात.

यीस्टची छोटी पाकिटं महाग पडतात. मोठं घ्या, हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा.