ख्रिस्ती विद्यापीठात इंटिरियर डिझाइन शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीस

गंगापूर रोड, नाशिक

चिरंजीव मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. टेक्सासमधल्या तीन विद्यापीठांत इंटिरियर डिझाइनसाठी अर्ज करण्याचे तुझ्या मनात आहे, तिन्ही ख्रिस्ती परंपरेतली आहेत आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत, हे वाचले. आजींना धर्माची काळजी आहे, बाबांना पैशांची, आणि तू स्टुडिओचे फोटो पाहून हरखून गेली आहेस. माझे मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहिते. जाण्यासारखे आहे; मात्र ‘ख्रिस्ती’ या विशेषणावरून चार वर्षे तुला कसे राहावे लागेल याचा अंदाज येतो, डिझाइन कसे शिकवतात याचा येत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत तुझ्या घरी झाली आहे आणि, राग मानू नकोस, तुझ्या पत्रातही झाली आहे. विद्यापीठ सात्त्विक वातावरणाचे आहे म्हणून विभाग चांगलाच असेल, हे तुझे म्हणणे; तेथे चॅपलला, म्हणजे विद्यापीठाच्या सामूहिक उपासनेला, जावे लागते म्हणून शिक्षण दुय्यम असेल, हे काकांचे म्हणणे. दोन्ही सारखीच बिनबुडाची आहेत.

आजींची काळजी मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मधील तिसऱ्या खंडाने सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे नाशिकच्या मिशनरी शाळांत शिकलेल्या आपल्या कितीतरी मुलांना ‘ख्रिस्ती संस्था’ म्हणजे शिस्त, इंग्रजी आणि नाताळची सुट्टी एवढेच ठाऊक असते. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाला हे बंधन नाही. पदवीसाठी चॅपलची हजेरी लागते असे ते ठरवू शकते, कारण तेथे जायचे की नाही हा निर्णय तुझा असतो. म्हणून आधी नियम वाचायचे आणि मगच होकार कळवायचा.

तू निवडलेली तीन विद्यापीठेच पाहा. वेको येथील बेलर विद्यापीठ १८४५ पासूनचे, बॅप्टिस्ट परंपरेतले. तेथे धर्मविषयक दोन अभ्यासक्रम आणि दोन सत्रे चॅपल हा पदवीचा भाग आहे. ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठ १९०६ चे, चर्चेस ऑफ क्राइस्ट या पंथाचे. तेथे चॅपल हा विद्यार्थ्यांच्या नित्यक्रमाचाच भाग आहे आणि बायबलचे अभ्यासक्रम एकाहून अधिक आहेत. फोर्ट वर्थचे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ १८७३ चे, डिसायपल्स ऑफ क्राइस्टशी नाते सांगणारे. त्याच्या नावातच ‘ख्रिश्चन’ आहे, पण चॅपलची सक्ती नाही, सर्वसाधारण अभ्यासक्रमात धर्मपरंपरांचा एखादा विषय घ्यावा लागतो. म्हणजे बेलरच्या नावात धर्म नाही तेथे हजेरी आहे आणि टेक्सास ख्रिश्चनच्या नावात आहे तेथे नाही. (बेलरमध्ये १९९६ पर्यंत आवारात नाचण्यावर बंदी होती, हे आजींना मुद्दाम सांग. आता नाही, तेव्हा नवरात्रात गरबा खेळायला हरकत नसावी.) नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तुझ्या प्रवेशवर्षाचे कॅटलॉग आणि विद्यार्थी-नियमावली उतरवून घे आणि बाबांसोबत बसून वाच.

वाचताना एक भेद लक्षात ठेव. तेथे हजेरी मागतात, धर्मांतर मागत नाहीत. चॅपलमध्ये शांत बसून ऐकण्यात तुझे काही जात नाही. पण अर्जात श्रद्धेविषयी निबंध लिहायला सांगितला, तर प्रवेश मिळावा म्हणून नसलेली श्रद्धा लिहू नकोस. घरी देवघर आहे, तिन्हीसांजेला दिवा लागतो आणि दुसऱ्यांची उपासना समजून घेण्याची माझी तयारी आहे, इतके सरळ लिही. हे चालणार नसेल, तर ते आधीच कळलेले बरे. वसतिगृहाचे नियमही याच नजरेने वाच. पहिली एक-दोन वर्षे आवारातच राहण्याची अट असते का, रात्री दार किती वाजता बंद होते आणि, सगळ्यात महत्त्वाचे, ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या, आदल्या रात्री स्टुडिओ उघडा असतो का, हे विचार. सबमिशनच्या आठवड्यात कोणताही डिझाइनचा विद्यार्थी रात्री दहाला झोपत नाही. तुझ्या पोर्टफोलिओत वाइनरीच्या टेस्टिंग रूमचे काम आहे, ते काढू नकोस. आवारात दारूबंदी पाळणाऱ्या विद्यापीठालाही नाशिकच्या मुलीच्या कामात द्राक्षे आणि वाइनरी दिसणार हे कळण्यासारखे आहे.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे ते. चॅपलची हजेरी घरातले सगळे ओझे समजत आहेत. इंटिरियरच्या विद्यार्थिनीला ती नेमाने मिळणारी साइट व्हिजिट आहे. चर्चेस ऑफ क्राइस्टच्या परंपरेत उपासनेत वाद्ये वापरत नाहीत, सगळी मंडळी नुसत्या गळ्याने गातात. अशा दालनात गाणाऱ्याला शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, म्हणून कठीण छत आणि उघडी जमीन उपयोगाची. कोणी हौसेने जाड गालिचा, गादीची बाके आणि आवाज शोषणारे छत बसवले, तर जो तो एकटाच गातो आहे असे वाटू लागते आणि गाणे मरते. ज्या चर्चमध्ये ड्रम आणि मोठे स्पीकर आहेत, तेथे नेमके उलटे. आवाज शोषला नाही तर शब्द कळत नाही. प्रवचनाला घुमण्याचा काळ सेकंदाच्या आसपास हवा, ऑर्गनला दोन सेकंद किंवा त्याहून जास्त, आणि एकाच दालनात दोन्ही हवे असतील तर डिझायनरची खरी परीक्षा. बाकांचेही तसेच. अमेरिकेतल्या इमारत-नियमांत सलग बाकावर माणशी १८ इंच धरून क्षमता मोजतात आणि त्या क्षमतेवरून बाहेर पडण्याचे दरवाजे ठरतात. पुस्तकातली ही ओळ तेथे बसून कळते.

त्याआधी नाशिकमध्ये दोन ठिकाणी जाऊन ये. शरणपूरचे सेंट अँड्र्यूज चर्च तुझ्या रोजच्या वाटेवर आहे आणि तू आत कधी गेली नसशील, अशी माझी खात्री आहे. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे शिकवले गेले आणि १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे आफ्रिकेत निधन झाल्यावर त्यांचे पार्थिव समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तेथे शिकलेला जेकब वेनराइट होता. लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव जलालपूर तर नाशिकला खेटूनच आहे, आणि रेव्हरंड टिळकांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गातात. ख्रिस्ती उपासना ही आपल्यासाठी टेक्सासमधून आयात करायची गोष्ट नाही, हे आजींनाही पटेल. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात, हे त्यांनी पाहिलेलेच असेल. सेंट अँड्र्यूजमध्ये परवानगी घेऊन एखाद्या रविवारी मागच्या बाकावर बस आणि उजेड कोठून येतो, वक्ता कोठे उभा राहतो, लहान मूल रडू लागले की आई कोणत्या वाटेने बाहेर जाते, एवढेच पाहा. त्याच आठवड्यात काळाराम मंदिराच्या सभामंडपात बस. तो देवळापुढे सुटा उभा आहे, बाजूंनी मोकळा, त्यामुळे आवाज घुमत नाही, निघून जातो; बैठक जमिनीवर आणि माणशी इंच कोणी ठरवलेले नाहीत, गर्दी वाढली की लोक सरकून बसतात. दोन्हींचे प्लॅन एकाच स्केलला काढ. अर्जासोबत जोडायला याहून चांगले शीट तुला सुचणार नाही.

विभागाची पारख मात्र वेगळ्या कसोटीवर कर. पदवी कौन्सिल फॉर इंटिरियर डिझाइन ॲक्रेडिटेशन, म्हणजे सीडा, या संस्थेची मान्यता असलेली आहे का, हे त्या संस्थेच्याच यादीत पाहा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. ही मान्यता देणारी व्यवस्था १९७० पासूनची आहे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे आणि हा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे एनसीआयडीक्यू ही इंटिरियर डिझायनरांची व्यावसायिक परीक्षा पूर्ण करायची तर शिक्षणाबरोबर ३,५२० तासांचा अनुभव लागतो, आणि टेक्सासमध्ये ‘नोंदणीकृत इंटिरियर डिझायनर’ म्हणवून घेण्यासाठी ती परीक्षा लागते; नोंदणी तेथील वास्तुविशारदांच्या परीक्षा मंडळाकडे होते.

बाबांना एक गोष्ट आत्ताच सांग, नंतर कळली तर ते माझ्यावर चिडतील. पदवीनंतर अमेरिकेत कामाचा अनुभव घेण्यासाठी विद्यार्थी व्हिसावर १२ महिने मिळतात. त्यावर आणखी २४ महिने मिळतात ते विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक विषयांना, आणि इंटिरियर डिझाइन त्या यादीत नाही. तुझ्या आतेभावाचे कॉम्प्युटरचे गणित तुला लागू पडणार नाही. शिकत असताना साधारणपणे आवारातच काम करता येते, तेही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. त्यातून मॉडेलचे साहित्य आणि प्रिंटिंगचा खर्च निघतो, फी निघत नाही. शिष्यवृत्तीचे पत्र आले की ती चारही वर्षांची आहे का आणि किती गुणांवर टिकते, ते पाहा. चर्चच्या सदस्यत्वाशी जोडलेल्या शिष्यवृत्त्या तुझ्यासाठी नाहीत, त्यांची बेरीज धरू नकोस. लॅपटॉप विंडोजचाच घे. रेव्हिट हे ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर मॅकवर सरळ चालत नाही.

परत येऊन नाशिकमध्ये प्रॅक्टिस करायची असेल, तर सीडाचे नाव येथे कोणी विचारणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला संरक्षण आहे, इंटिरियर डिझायनरला नाही. कालपर्यंत प्लायवूड विकणारा उद्या तीच पाटी लावू शकतो आणि लावतोही. अशा बाजारात तुझ्या तिकडच्या शिक्षणाचा उपयोग पदवीपेक्षा सवयींमध्ये आहे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यामुळे तेथील विद्यार्थ्याच्या हाताला दरवाजाची मोकळी रुंदी किमान ३२ इंच आणि चाकाची खुर्ची वळवायला ६० इंचांचे वर्तुळ अंगवळणी पडलेले असते. आपल्या फ्लॅटमध्ये बाथरूमचा दरवाजा अडीच फुटांचा. चौकट वजा केली की खुर्ची अडते, आणि आजोबांचे खुब्याचे हाड मोडल्यावर घरच्यांना ते कळते. नूतनीकरणाला माझ्याकडे येणारी निम्मी कुटुंबे या एका कारणाने येतात.

तेथे गेल्यावर काही गोष्टी विसरू नकोस. तेथील भिंती लाकडी चौकटीवर ड्रायवॉल ठोकून उभ्या केलेल्या असतात, आपल्या विटांच्या. तेथे शिकलेला जोड येथे तसाच उतरत नाही. आपला सुतार आजही इंच आणि सूत बोलतो, एका इंचाची आठ सुते. त्याला मिलिमीटरचे ड्रॉइंग दिले की तो मान डोलावतो आणि आपल्या मापाने कापतो. सुट्टीत आलीस की ज्या कोणाकडे काम चालू असेल तेथे चार दिवस सुताराशेजारी उभी राहा, माझ्या साइट तर तुझ्यासाठी खुल्याच आहेत.

अर्जाची मुदत जवळ आली आहे, तेव्हा तिन्ही विभागांना आजच मेल कर. सीडाची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप कोठे मिळाली, रात्री स्टुडिओ उघडा असतो का आणि ख्रिस्तेतर विद्यार्थ्यांसाठी चॅपलचा नियम काय आहे, एवढेच विचार. उत्तर किती मोकळेपणाने येते त्यावरूनही बरेच कळेल. जुन्या नाशकातला एक वाडा मोजायला मालकांची परवानगी मी घेऊन ठेवली आहे. ओसरी, माजघर आणि चौक खणांच्या हिशेबाने मोजायचे आहेत, जिन्याच्या पायऱ्यांची उंची प्रत्येकी वेगळी घ्यायची आहे. पाच मीटरची टेप आण, तीन मीटरची पुरणार नाही, आणि सकाळी लवकर ये. दुपारी मालक झोपतात.

तुझी,
मॅडम