गिअरची केबल कुठे मिळेल?

प्रश्न : काका, मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. माझ्या १९८७च्या टोयोटा एमआर-टूचा दुसरा गिअर थंडीत पडतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, केबल गेली. नवी कुठे शोधू?

उत्तर : आधी शोधू नका, तपासा. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, त्यामुळे गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन लांब केबली जातात. एक केबल गिअर पुढे-मागे सरकवते, दुसरी आडवी. गिअरबॉक्सकडची टोकं सोडवा आणि दांडा हलवा. तरीही जड? मग केबलच. हलका? मग दोष गिअरबॉक्सकडे. दांडा सैल खुळखुळत असेल तर केबलच्या टोकांचे बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या कड्या, बघा. कित्येकदा तेवढ्यावरच भागतं. तुमच्या थंडीच्या तक्रारीवरून मला केबलच्या टोकाची रबरी टोपी फाटून आत शिरलेलं पाणी गोठत असल्याचा संशय आहे.

जुनी केबल मात्र फेकू नका, मी एकदा ती चूक केलीय! तीच नमुना म्हणून केबल बनवणाऱ्याकडे न्या. ब्रेकची केबल नुसती ओढते, ही ढकलतेही, तशीच मागा. बाहेरच्या नळीची लांबी आणि आतली तार किती सरकते ते, दोन्ही मोजून द्या. भंगारातली घेणार असाल तर उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचीच घ्या. बसवताना सायलेन्सरपासून लांब ठेवा.