पहिल्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, दुसऱ्या खेपेला पुन्हा जाईल का?

बहिणीला आठवा महिना लागलाय आणि गाव धारूरकडचं, असं तुम्ही लिहिलंय. तिला धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण तयारीला अजून वेळ आहे.

वार, म्हणजे बाळाला पोसणारा नाळेचा भाग (प्लॅसेंटा), जिथं चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या गर्भपिशवीच्या स्नायूंमधून जातात. वार सुटली की पिशवी आवळते आणि त्या दाबल्या जातात. पिशवी सैल राहिली तर रक्त थांबत नाही. दहातल्या सात वेळा कारण हेच असतं. दिवस भरल्यावर पिशवीकडं मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं, म्हणून बाई बघता बघता गार पडते.

जुळं, चार किलोंवरचं बाळ, पोटात जास्त पाणी, लांबलेल्या कळा, बराच वेळ चाललेलं कळांचं सलाईन, पाचवी-सहावी खेप, पिशवीतल्या गाठी यांनी पिशवी थकते. लघवी तुंबली तरी ती नीट आवळत नाही. हे साधं कारण हमखास विसरलं जातं. वारेचा तुकडा आत राहणं, आतून फाटणं, वाढलेल्या बीपीमुळं रक्त न गोठणं ही बाकीची कारणं. यातलं काहीच नसलेल्या बायकांनाही रक्तस्राव होतो, म्हणून बाळंतपण घरी नकोच.

पहिलं सिझर होतं का? असेल तर वार खाली, जुन्या टाक्यांवर रुजली आहे का, हे सोनोग्राफीत मुद्दाम विचारा. तसं असेल तर तालुक्याला थांबू नका, आधीच अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात नाव घाला.

हिमोग्लोबिन आजच तपासा. 11 च्या खाली असेल तर आता नुसत्या गोळ्यांना वेळ पुरेलच असं नाही. शिरेतून लोह देता येईल का, ते विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं रक्त आधीच कमी असतं, त्यांना अर्धा लिटर गेलेलंही सोसत नाही.

दवाखान्यात तीन गोष्टी विचारा: तिच्या गटाचं रक्त मिळेल का, बाळ झाल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं, म्हणजे पिशवी आवळणाऱ्या औषधाचं, 10 युनिटचं इंजेक्शन देतात का, आणि ते फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवतात का. लाइट सारखी जाते तिथं औषधाचा जोर उतरतो. रक्त सुरू झालंच तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्त थांबवायचं औषध 1 ग्रॅम शिरेतून, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं.

घरी आल्यावरही सहा आठवडे लक्ष ठेवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या किंवा चक्कर आली, तर लगेच 108 ला फोन करा.